दुपारी बारा ते पाच: सुट्टीत मूल कुणाच्या नजरेखाली आहे?

शाळा सुरू असते तेव्हा मुलाच्या दिवसाचा हिशेब आपोआप लागतो. रिक्षा किती वाजता आली, हजेरी लागली का, डबा संपला का, दारात चप्पल कधी वाजली. मे उजाडला की हा हिशेब ठेवणारं कुणी उरत नाही. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला गेलेले वडील दुपारनंतर सुटतात, आई कामावरून त्यांच्याही नंतर येते, आणि जेवणानंतर आजीचा डोळा लागतो. आजीला वाटतं, नातू शेजारी खेळतोय. शेजारच्या काकूंना वाटतं, तो घरी गेला. या दोन समजुतींच्या मधल्या अर्ध्या तासात मूल पाटाच्या पाण्यापाशी पोहोचलेलं असतं.

म्हणून सुट्टीतली सगळी काळजी एकाच प्रश्नापाशी आणून ठेवावी: या घटकेला या मुलाकडे कोण बघतंय, नाव सांगा. एका कागदावर दिवसाचे चार भाग पाडा. सकाळ, दुपारी बारा ते पाच, संध्याकाळ आणि रात्र. प्रत्येक भागापुढे एकाच माणसाचं नाव लिहा. ‘घरचे’ हे काही नाव नव्हे. माणूस बदलताना तोंडाने सांगायचं, ‘मी अंघोळीला चाललोय, आता तू बघ’, आणि समोरून ‘हो’ आल्याशिवाय जागा सोडायची नाही. लग्नघरी, जत्रेत, मामाच्या मळ्यात हा नियम जास्तच कडक ठेवा. वीस मोठी माणसं हजर असली की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्या कुणाचं तरी लक्ष असेलच.

दुपारच्या रकान्यात लिहायला नावच सापडत नसेल, तर ती लपवायची गोष्ट नाही. त्यावर काय करता येतं, ते या लेखाच्या शेवटच्या भागात आहे. आधी धोके पाहू, आणि त्यातही सगळ्यात आधी पाणी.

गंगा, पाट, धरण, शेततळं

नाशिकच्या मुलांना पाण्याची ओढ असणारच. गोदावरीला आपण गंगा म्हणतो, आणि ‘गंगेवर जाऊन येतो’ हे वाक्य घराघरांत रोज ऐकू येतं. पण प्रत्येक पाण्याचा धोका वेगळा असतो, आणि ‘पाण्याजवळ जाऊ नको’ एवढं सांगून मुलाला तो कळत नाही.

रामकुंड आणि घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. पाय घसरतो, डोकं दगडावर आपटतं, आणि शुद्ध हरपलेलं मूल गुडघाभर पाण्यातही बुडतं. शिवाय गंगापूर धरणातून पाणी सोडलं की शहरातल्या पात्राची पातळी वाढते. सकाळी ज्या पायरीवर बसून खेळ झाला, ती पायरी दुपारी पाण्याखाली असू शकते.

पाटाचं पाणी वरून संथ दिसतं. उन्हाळ्यात आवर्तन, म्हणजे शेतीसाठीचं धरणाचं पाणी, सुटलं की त्याला चांगलीच ओढ असते, आणि अस्तर केलेल्या पाटाच्या तिरक्या, गुळगुळीत कडेला हाताने धरावं असं काहीच नसतं. पट्टीचा पोहणाराही काठाला हात लावत लावत पुढे वाहत जातो. कोरड्या पाटात क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना आवर्तनाची तारीख ठाऊक नसते. गावात पाटकऱ्याकडून ती विचारून घ्या आणि घरातल्या मुलांना स्पष्ट सांगा: या दिवसापासून पाटात उतरायचं नाही.

गंगापूर, दारणा, वालदेवी, काश्यपी अशा धरणांचं पाणी मे महिन्यात मागे हटतं. ओलसर मोकळं मैदान दिसतं, पण तो गाळ असतो. पाय मांडीपर्यंत रुततो, आणि उपसायला जाल तितका दुसरा पाय खोल जातो. गाळाच्या पुढे तळ एकदम खाली गेलेला असतो. दोन पावलांपूर्वी कमरेएवढं असलेलं पाणी डोक्यावर जातं, ते यामुळे.

सगळ्यात फसवं पाणी शेततळ्याचं. निफाड, दिंडोरी, चांदवडकडे द्राक्षबागेसाठी ही तळी जागोजागी आहेत. आत जाड प्लास्टिकचा कागद अंथरलेला, बाजूंना उतार, कागदावर शेवाळाचा थर. त्यावरून वर चढणं धडधाकट माणसालाही जमत नाही. तो हातपाय मारून थकतो आणि परत आत घसरतो. चेंडू काढायला, बादली भरायला किंवा हात धुवायला वाकलेलं मूल तिथे सापडतं. ज्यांच्या वावरात शेततळं आहे, त्यांनी पाऊस पडायची वाट न पाहता एवढं करून घ्यावं: चारही बाजूंनी जाळीचं किंवा तारेचं कुंपण, फाटकाला कुलूप, आणि आतल्या चारही उतारांवर अंगठ्याएवढी जाड दोरी. दोरीला दर फूटभर अंतरावर गाठ मारायची, वरचं टोक पक्क्या खुंट्याला बांधायचं आणि खालचं टोक पाण्यात सोडायचं. गाठ नसेल तर ओली दोरी हातातून निसटते. काठावर ट्रॅक्टरची हवा भरलेली जुनी ट्यूब ठेवा. हा खर्च फार मोठा नाही, आणि पडलेल्या माणसाला तेवढाच आधार असतो.

पडणाऱ्या पहिल्या मुलाइतकाच घात त्याच्या मागून उडी मारणाऱ्याचा होतो. भाऊ बुडताना दिसला की बहीण उतरते, मग चुलता उतरतो. बुडणारं मूल वाचवायला आलेल्याच्या गळ्याला मिठी मारतं आणि दोघंही खाली जातात. मुलांना तीन गोष्टी पाठ करून घ्या, अगदी पाढ्यासारख्या. ओरडायचं. फेकायचं. ओढायचं. फेकायला दोरी, साडी, ओढणी, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, काहीही चालतं. पाच लिटरचा रिकामा कॅन लहान मुलाला तरंगत ठेवू शकतो. ओढताना आपण काठावर पोटावर झोपायचं, उभं राहायचं नाही. उभ्या माणसाचा तोल पुढे जातो.

बुडणारं मूल हात हलवून हाका मारतं, अशी आपली समजूत असते. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असताना श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, मग हाक कुठून येणार? ते गप्पच असतं. डोकं मागे गेलेलं, तोंड उघडं, केस डोळ्यांवर आलेले, आणि पाय न हलवता उभ्याउभ्या पाण्यात. मिनिटभरात ते खाली जातं. पाण्याशी लहान मूल असेल तर बघणारा माणूस हाताच्या अंतरावर हवा आणि त्याचा फोन खिशात हवा.

बाहेर काढल्यावर पोट दाबू नका, उलटं टांगू नका, डोक्यावर घेऊन फिरवू नका. त्याने फुप्फुसातलं पाणी निघत नाही. पोटातलं अन्न मात्र श्वासनळीत जातं आणि मोलाची मिनिटं वाया जातात. श्वास बंद असेल तर एकाने १०८ ला फोन लावायचा. दुसऱ्याने मुलाला कठीण जमिनीवर उताणं ठेवून हनुवटी वर करायची, नाक चिमटीत धरायचं आणि तोंडाने तोंडात पाच श्वास द्यायचे. प्रत्येक श्वासाला छाती फुगताना दिसली पाहिजे. बुडालेल्याला आधी हवा लागते, म्हणून इथे श्वास पहिले. मग छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताने ३० वेळा दाब, छाती साधारण एक तृतीयांश खाली जाईल इतका. म्हणजे मोठ्या मुलात सुमारे ५ सेंटिमीटर आणि तान्ह्यात दोन्ही अंगठ्यांनी सुमारे ४ सेंटिमीटर. वेग मिनिटाला १०० ते १२०. त्यानंतर दोन श्वास, पुन्हा ३० दाब. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार-सहा मिनिटांतच इजा होऊ लागते, त्यामुळे रुग्णवाहिका येईपर्यंत जे होईल ते काठावरच्या माणसाच्या हातून होतं. मूल शुद्धीवर येऊन बोलू लागलं तरी दवाखान्यात न्यायचंच. पुढच्या काही तासांत खोकला आणि धाप वाढू शकते.

घरातही पाणी असतंच. टंचाईच्या दिवसांत ड्रम, टिपं, बादल्या भरून ठेवाव्या लागतात. रांगणारं, नुकतं उभं राहायला लागलेलं बाळ बादलीत डोकावतं, डोकं जड असल्याने उलटं पडतं आणि परत वर येऊ शकत नाही. वीतभर पाणीही पुरतं. दोन वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर बादली वापरून झाली की पालथी घाला, ड्रमला घट्ट झाकण लावा आणि मोरीचं दार बाहेरून कडीबंद ठेवा.

मुलाला पोहायला शिकवा, हे आवर्जून सांगतो. त्र्यंबक रोडवरच्या सावरकर जलतरण तलावासारख्या, प्रशिक्षक आणि जीवरक्षक असलेल्या जागी शिकवा. फक्त एक ध्यानात ठेवा: तलावात चार फेऱ्या मारणाऱ्या मुलाला वाहत्या पाण्याचा काहीच अनुभव नसतो, त्यामुळे त्याची भीती गेलेली असते आणि कसब मात्र अर्धंच असतं.

ऊन लागतं म्हणजे नेमकं काय होतं

नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, रात्री वारा सुटतो, म्हणून ‘आपल्याकडे काय एवढं ऊन’ असं म्हणायची सवय आहे. मालेगाव, येवला, नांदगावकडची मंडळी असं कधी म्हणत नाहीत. शहरातही एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि पत्र्याच्या खोलीत तो बाहेरच्यापेक्षा वर असतो.

घाम सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो. शरीर थंड ठेवायचा हाच मुख्य मार्ग. पाणी कमी पडलं की घाम कमी होतो आणि आतली उष्णता साठत जाते. मुलं मोठ्यांपेक्षा लवकर तापतात आणि खेळाच्या नादात तहान विसरतात. म्हणून तहानेची वाट पाहू नका. खेळणाऱ्या मुलाला दर वीस मिनिटांनी थांबवून अर्धा ते एक ग्लास पाणी द्या. पुरेसं पोटात जातंय की नाही, हे लघवी सांगते. फिकट असेल तर ठीक, गर्द पिवळी किंवा पाच-सहा तास झालीच नाही तर कमी पडतंय. ताक, लिंबू सरबत, कैरीचं पन्हं उत्तम, फक्त मिठाची चिमूट विसरू नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी द्यायचं नसतं, त्याला अंगावरच जास्त वेळा पाजायचं.

उन्हातून आलेलं मूल गळून गेलंय, डोकं दुखतंय, मळमळतंय, पोटऱ्यांत गोळे येतायत, इथपर्यंत सावली, पाणी आणि आराम पुरतो. पण ते असंबद्ध बोलू लागलं, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. अंगाचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असतं. अंग कोरडंच असतं असं नाही. पळून खेळून आलेल्या मुलाला घाम असतानाही उष्माघात होतो. आधी थंड करा, मग हलवा. कपडे सैल करून अंगभर पाणी ओता आणि जोरात वारा घाला. बर्फ असेल तर कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघेत ठेवा. १०८ ला फोन लावा आणि गाडीतही ओल्या कापडाने पुसत राहा. तापाची गोळी इथे काम करत नाही, कारण हा ताप जंतूंमुळे आलेला नसतो. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नका. खिशातला कांदा आपल्या जिल्ह्यात पुष्कळांच्या श्रद्धेचा आहे. तो ठेवायला हरकत नाही, पण त्याने तापमान उतरत नाही आणि त्याच्या भरवशावर मुलाला दुपारी बाहेर सोडू नये.

जुलाब-उलट्या झाल्या तर दुकानातून ओआरएसची पुडी आणा. मोठी पुडी पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात टाकायची. ग्लासभर पाण्यात थोडी थोडी टाकत बसलात तर मिठाचं प्रमाण चुकतं आणि जास्त मीठ लहान मुलाला घातक ठरतं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. दर जुलाबानंतर दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप, चमच्याचमच्याने. उरलेलं २४ तासांनी फेका. खोक्यातलं फळांच्या चवीचं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. त्यात साखर जास्त असते आणि तिने जुलाब वाढतात.

उन्हात उभ्या बंद गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंशांनी चढतं. काच दोन बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून झोपलेलं बाळ गाडीत ठेवू नका, आणि दारात उभी गाडी कुलूपबंदच असू द्या. लपाछपीत मुलं आत शिरतात आणि मग दार उघडत नाही.

पत्र्याच्या घरासाठी: पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात द्या, दुपारी ओली गोणपाटं टाका, आणि आत मुलाच्या अंगावर ओलं पातळ कापड ठेवून पंखा लावा.

मूल घरात एकटं राहणार असेल तर

किती वर्षांच्या मुलाला एकटं ठेवावं, असा आकडा सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. आमचं मत सांगतो: दहाच्या आत नकोच, आणि दहा-बारा वर्षांच्या ताईवर दोन वर्षांचा भाऊ सोपवून तर मुळीच नको. ती त्याला खेळवू शकते, सांभाळू शकत नाही.

ठेवावंच लागलं तर आधी दोन रविवार सराव करा. आई-बाबांचा नंबर मुलाला तोंडपाठ हवा, कारण फोनची बॅटरी संपली तर त्यातली नावं उपयोगाची नाहीत. शेजारच्या एका घराला सांगून ठेवा, मुलाला ते दार वाजवायला लावा. गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून जा. वास आला तर बटणाला हात लावायचा नाही, खिडकी उघडून बाहेर पडायचं आणि शेजारी गाठायचे, हे करून दाखवा. गॅसगळतीसाठी १९०६ हा नंबर आहे. गॅलरीतली खुर्ची, स्टूल, कुंड्या आत घ्या, त्यावर चढूनच मुलं कठड्यापलीकडे झुकतात.

कुलरकडे आपण जरा दुर्लक्ष करतो. लोखंडी बॉडी, आत पाणी आणि वीज, बाहेर ओल्या पायांचं मूल. दोन पिनांच्या प्लगवर किंवा अर्थिंग नसलेल्या बोर्डावर कुलर लावला आणि आतली वायर कुठे उघडी पडली की सगळ्या बॉडीत करंट उतरतो. सीझनच्या सुरुवातीला वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि मेन बोर्डात ३० मिलीॲम्पियरचा आरसीसीबी बसवून घ्या. तो गळतीचा करंट क्षणात तोडतो. साधा एमसीबी ते काम करत नाही, तो तारा वाचवायला असतो. पाणी भरताना स्विच नुसता बंद करू नका, प्लग काढा. करंट लागलेल्या मुलाला हाताने ओढू नका. आधी मेन स्विच, तो लांब असेल तर कोरडं लाकूड.

दारासमोरची स्कूटर चौदा वर्षांच्या मुलाला ‘फक्त दूध आणायला’ देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही.

मामाच्या मळ्यात

शहरातलं मूल मळ्यात गेलं की तिथल्या रोजच्या गोष्टी त्याला नव्या असतात. आपल्या भाषेचाच एक सापळा बघा: फवारणीच्या विषाला आपण ‘औषध’ म्हणतो. मामा म्हणतो, ‘औषध पडवीत ठेवलंय’, आणि भाचा तेच ऐकतो. त्यात ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून ठेवलेलं असेल तर विचारूच नका. विष मूळ डब्यातच, कुलपात, मुलांच्या हाताबाहेर ठेवा आणि मुलांसमोर त्याला विषच म्हणा. पोटात गेलं तर उलटी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका. रॉकेल किंवा तसलं द्रावण उलटीतून फुप्फुसात जातं आणि पहिल्यापेक्षा मोठी इजा करतं. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबणाने धुवा, आणि डबा किंवा त्यावरचा कागद सोबत घेऊनच दवाखाना गाठा. उतारा त्यावरूनच ठरतो.

निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या आहे, नाशिकच्या वेशीपर्यंत येतो. उभा मोठा माणूस तो सहसा टाळतो, पण बसलेलं किंवा वाकलेलं मूल त्याला लहान सावज वाटतं. अंधार पडल्यावर मुलाला एकट्याने शौचाला, गोठ्यात किंवा उसाच्या कडेला पाठवू नका. अंगणात झोपायचं असेल तर मुलं मधे, मोठी माणसं कडेला, दिवा चालू. दिसला तर वनविभागाला १९२६ वर कळवा.

उकाड्यामुळे सगळे जमिनीवर झोपतात आणि मण्यार रात्रीच फिरतो. त्याचा दंश दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे मूल पोटात दुखतंय म्हणून उठलं, पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर पित्त समजून बसू नका. बाज वापरा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. साप चावल्यावर आवळून बांधणं, चिरणं, चोखणं सगळं वर्ज्य. हातातलं कडं, पायातलं वाळं काढा, तो हात किंवा पाय काठीला बांधून हलू देऊ नका, आणि प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या. लाल विंचू चावल्यावर घाम सुटला, हातपाय गार पडले, उलट्या झाल्या तर विष हृदयावर चढतंय. त्यावर प्राझोसिन ही गोळी उपयोगी ठरते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिलं. पण ती डॉक्टरांनीच द्यायची, म्हणून मंत्र-उताऱ्यात तास घालवू नका.

कुत्रं चावलं किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट लावायचं नाही. त्याच दिवशी लस सुरू करा. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते मागून घ्या. सरकारी रुग्णालयात लस मोफत आहे. पुढचे डोस गावी गेल्यामुळे चुकतात, म्हणून तारखांचा कागद मुलासोबत पाठवा.

वळवाच्या पावसात वीज पडते. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांत गडगडाट ऐकू आला तर लगेच पक्क्या घरात जायचं, आंब्याखाली थांबायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपास पडणाऱ्या विजेची सूचना देतं. आणि मडगार्डवर बसून ट्रॅक्टरची फेरी, कितीही हट्ट केला तरी, नाही म्हणजे नाही.

न बोललं जाणारं

सुट्टीत मुलं पाहुण्यांकडे राहतात, गच्चीवर वीस जणांत झोपतात, घरात नवी माणसं येतात. मुलांशी गैरवागणूक करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. निघण्याआधी मुलाला, मुलग्यालाही, सांगा: अंगाचे झाकलेले भाग कुणी बघायचे नाहीत, हात लावायचा नाही, आणि ‘आईला सांगू नको’ असं जो म्हणेल त्याचं आधी आईला सांगायचं. कुणाच्या मांडीवर बसायला, पापी द्यायला मूल नको म्हणत असेल तर पाहुण्यांच्या मानासाठी त्याला भरीस पाडू नका.

मुलाने काही सांगितलं तर ‘तू तिथे गेलास कशाला’ हे वाक्य गिळा. विश्वास ठेवा आणि तेच तेच पुन्हा विचारू नका. प्रकार ताजा असेल तर अंघोळ घालू नका, कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ (पोलीस) वर फोन करा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार माहिती असणाऱ्याने कळवणं बंधनकारक आहे, मुलाचं नाव उघड करायला बंदी आहे आणि उपचारासाठी आधी पोलिसांकडे तक्रार नोंदवायची अट नाही.

दुपारच्या रकान्यात नाव नसेल तर

आता तो रिकामा रकाना. एकाच वाड्यातली, सोसायटीतली चार घरं मिळून आळीपाळीने एक घर दुपार सांभाळू शकतं. पाच-सहा मुलं, एक जागं मोठं माणूस, वार ठरलेला. अट एकच: ज्या दिवशी पाळी असेल त्या दिवशी त्या माणसाने दुसरं काम धरायचं नाही. सहा वर्षांच्या आतल्या मुलासाठी अंगणवाडी आहे. तिथे आहार मिळतो, तीन वर्षांखालच्यांना तो घरी नेण्यासाठी देतात. उन्हाळ्यातली वेळ सेविकेला विचारा. आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे, त्यात गरोदर आणि स्तनदा मातांना चौरस जेवण मिळतं.

आश्रमशाळेतली मुलं सुट्टीत घरी येतात तेव्हा जेवणाऱ्या तोंडांची संख्या अचानक वाढते. सुरगाणा, पेठकडची कुटुंबं द्राक्षाच्या एप्रिल छाटणीला बागायती पट्ट्यात आली असतील तर रेशनसाठी गावी जायची गरज नाही. आधारची खूण पटवून कुठल्याही रेशन दुकानात आपल्या वाट्याचं धान्य मिळतं, आणि २०२३ पासून ते मोफत आहे. बागमालकांनी मजुरांच्या मुलांसाठी सावलीची, शेततळ्यापासून लांबची एक जागा आणि सांभाळायला एक बाई ठरवून द्यावी. आया झाडाखाली झोळी बांधून ओळीत कामाला लागतात आणि ट्रॅक्टर मागे घेणाऱ्याला झोळीबाहेर रांगणारं मूल दिसत नाही.

आई किंवा वडील नाहीत, तुरुंगात आहेत किंवा मोठ्या आजाराने अंथरुणाला खिळलेत, अशा मुलासाठी महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना आहे. तिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं आहे. अठरा वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात द्यायचा, मंजुरी बाल कल्याण समिती देते. आधार, रेशन कार्ड, मृत्यूचा किंवा आजाराचा दाखला, रहिवासी आणि उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक आणि शाळेचा बोनाफाईड लागतो. अडतं ते बोनाफाईडपाशीच, कारण मे महिन्यात शाळेचं ऑफिस रोज उघडत नाही. निकालाच्या दिवशीच तो मागून घ्या.

चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं बेकायदा आहे. घरच्या शेतात सुट्टीत हात लावायला मुभा आहे, फवारणी किंवा मशीनजवळ नाही. लग्नसराईत शाळेतल्या मुलीची बोलणी सुरू झाल्याचं कानावर आलं तर १०९८ वर कळवा. अठराच्या आत मुलीचं लग्न करता येत नाही. घरात मारहाण होत असेल तर बाईसाठी १८१. सगळं अंगावर आल्यासारखं वाटत असेल, चिडून मुलावर हात उठत असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, १४४१६ ला, मराठीत बोलता येतं.

१०९८ बद्दल अनेकांना वाटतं की फोन केला की मूल उचलून नेतात. फोन उचलणारा आधी विचारतो ते एवढंच: मूल आत्ता सुरक्षित आहे का, कुठे आहे, वय काय. गरज असेल तर माणूस घरी येतो, आणि बऱ्याचदा काम असतं ते कागद, धान्य किंवा दवाखाना जुळवून द्यायचं. मुलाला घरापासून वेगळं ठेवायचं की नाही, हे बाल कल्याण समितीच ठरवते, आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मुलाला शक्यतो कुटुंबातच ठेवण्याला पहिलं स्थान दिलं आहे. फोन नातेवाईक, शेजारी, शिक्षक किंवा ते मूल स्वतःही करू शकतं, पैसे लागत नाहीत. हे नंबर आणि दुपारच्या माणसाचं नाव, दोन्ही एकाच कागदावर लिहून फ्रिजच्या किंवा दाराच्या आतल्या बाजूला, मुलाच्या नजरेच्या उंचीवर चिकटवा. खाली घराचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण लिहा: कुठल्या मंदिरामागे, कुठल्या चौकातून आत. घाबरलेल्या मुलाला १०८ वर तेवढंच वाचून दाखवायचं असतं.